महर्षींचं मीठ

४ फेब्रुवारी

प्रकरण पाचवं आलं. मुंगी शाईत बुडवून कागदावर सोडून दिल्यासारखं अक्षर, समासात बाण, बाणांना फुटलेले बाण. वर चिठ्ठी — 'शुक्रवारपर्यंत हवं.' कृपया नाही, काही नाही. जणू मी टाइप करायचं यंत्र आहे, आणि तेही सरकारी!

महर्षी म्हणजे माझा नवरा. हे नाव मी ठेवलंय. तोंडावर 'अहो'च म्हणते. कागदावर तरी खरं बोलावं.

विषय तोच. आयोडीन! अख्ख्या जन्मात माणसाला लागतं जेमतेम चमचाभर, असं हे स्वतःच लिहितात. त्या चमच्यावर नऊ वर्षं लिहिणं चाललंय. चमचा कधीच भरला, पुस्तक काही भरेना.

सिद्धान्त काय, तर समुद्रात आयोडीन मुबलक, जमिनीवर त्याची मारामार. म्हणून प्राणी जमिनीवर आले तेव्हा गळ्यात एक छोटी कोठी घेऊन आले — थायरॉइड — मिळेल तो कण साठवायला. आणि ज्या माकडांच्या पोरांना किनाऱ्यावर शिंपले-मासे मिळाले त्यांचे मेंदू वाढले, ती माणसं झाली. संपलं! तीस वर्षं मुलींच्या शाळेत गणित शिकवलंय मी. एवढं सांगायला मला फळ्याचा अर्धा भाग पुरला असता. महर्षींना अकरा प्रकरणं लागतात.

शिंपले खाऊन मेंदू वाढतो म्हणे. मग यांच्या विभागप्रमुखाचं काय? तो तर जन्मापासून किनाऱ्यावर राहतोय.

७ फेब्रुवारी

शुक्रवार. दिलं प्रकरण. अर्ध्या तासात खोलीतून हाक — "अगं, इकडे ये जरा." 'जरा' आलं की समजायचं, माझी हजेरी घेतली जाणार.

एकच पान दोनदा टाइप केलं होतं. लागोपाठ. मला कळलंही नाही.

"हल्ली तुझं लक्ष कुठे असतं?" म्हणाले. मी म्हटलं, "तुमच्या वाक्यांत. दोन्ही पानं सारखीच वाटली." हसले नाहीत. यांना विनोद कळायला तळटीप लागते.

पण मनातून हादरले मी. माझ्या हातून असं कधी झालं नव्हतं. चाळीस मुलींच्या चाळीस उत्तरपत्रिका तपासायचे, एक बेरीज चुकली नाही.

८ फेब्रुवारी

अठरा सक्कं किती, ते आठवायला आज थांबावं लागलं. मला!

११ फेब्रुवारी

महर्षींची शिष्या आली होती. हुशार पोरगी आहे, पण या घराच्या उंबऱ्यात पाऊल टाकलं की हुशारी चपलांबरोबर बाहेर काढून ठेवते. "सर, काय भन्नाट!" "सर, हे तर कुणाच्या लक्षातच आलं नाही!" सर फुगत होते. अजून थोडं फुगले असते तर खिडकी उघडावी लागली असती.

मी सूप वाढलं. तर लगेच मिठाचं व्याख्यान!

"आमच्या घरात पाकिटातलं मीठ येत नाही," महर्षी सांगत होते. "हे डोंगरातलं. खाणीतलं. माझ्या अभ्यासाच्या गावातनं आणलंय. हजारो वर्षं ती माणसं हेच खातात." शिष्येने सुपाकडे असं बघितलं की जणू त्यात उत्क्रांती पोहतेय.

डोंगरातलं मीठ कुटतं कोण, ते नाही सांगितलं. मी निवृत्त झाले त्याच्या पुढच्याच आठवड्यात ही गोणी घरात आली. "आता तुला वेळ आहे," म्हणाले. बाई रिकामी बसलेली यांच्या डोळ्यांना खुपते. तीन वर्षं झाली, विटकरी रंगाचे खडे, दगडासारखे, खलबत्त्यात घालून मी कुटतेय. गोणी संपत आली की दुसरी येते. हात भरून येतात.

आणि स्वतः? स्वतःला सूप अळणी लागतं! मग वेगळ्या कपाटातून मासळीचा डबा निघतो. समुद्रातलं वाळवलेलं शेवाळ निघतं, किनाऱ्यावरचा कुणी मित्र पाठवतो ते. कागद चावल्यासारखं कुरुम कुरुम खातात. त्या वासाने मला लहानपणापासून मळमळतं, म्हणून ते कपाट मी उघडतही नाही. दूध तर मला पचतच नाही. मी आपली भाजी, भात, काळा चहा आणि पूर्वजांचं मीठ.

१९ फेब्रुवारी

चिरंजीवांचा व्हिडिओ कॉल. महिन्यातून एकदा दर्शन असतं. नवीन खुर्ची दाखवली. पाठीला आधार देते, मानेला आधार देते, म्हणे. बत्तिसाव्या वर्षी चिरंजीवांना एवढा आधार लागतो!

मग मधेच म्हणाला, "आई, तुझ्याकडचं नेट स्लो आहे का? तू अडकत अडकत बोलतेयस."

नेट ठीक होतं.

मी 'हो रे, सकाळपासून असंच चाललंय' म्हणून फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. हातपाय बर्फ. अंगात दोन स्वेटर, गळ्याला लोकरी रुमाल. बाहेर शेजारीण नुसत्या गाऊनवर फुलझाडांना पाणी घालत होती.

इथे लिहून टाकते, म्हणजे सारखं मनात घोळणार नाही. मला आईची भीती वाटते. आईचं असंच सुरू झालं होतं. आधी शब्द सापडेनात, मग रस्ता सापडेना, आणि शेवटी एका सकाळी मी चहा घेऊन गेले तर मला विचारलं, "तुम्ही कुणाकडच्या?" मी तिची थोरली. बाकी काहीही जाऊ दे माझं. केस गळतायत, गळू देत. वजन वाढतंय, वाढू दे. डोकं जायला नको. डोक्याशिवाय माझ्याकडे दुसरं आहे काय? रूप कधीच नव्हतं, आवाज कर्कश, आणि नवरा हा असा.

२६ फेब्रुवारी

धीर करून महर्षींना सांगितलं. डॉक्टरकडे जाऊन यावं म्हणते. थकवा येतो, विसरायला होतं, थंडी वाजते.

चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले. बराच वेळ. मला वाटलं, आता पाझर फुटतोय! खोटं कशाला लिहू, बरं वाटलं क्षणभर.

"वय झालं," म्हणाले. "सगळ्यांचंच होतं. पुस्तक हातावेगळं होऊ दे, मग निवांत बघू. डॉक्टर काय, उगाच दहा तपासण्या मागे लावतील."

आणि मग — "प्रकरण सहाचे पृष्ठक्रमांक चुकलेत."

पाझर कसला! नळाला पाणी नाही ते नाही, वर मीटर चालूच.

१ मार्च

सोफ्यावर पडले होते, उठले तेव्हा संध्याकाळ. हल्ली रोज दुपारी मेल्यासारखी झोप लागते. महर्षी म्हणाले, "घोरत होतीस." त्याचीही नोंद ठेवतात वाटतं.

५ मार्च

प्रकरण सातवं. 'डोंगरातली माणसं.' हे यांचं लाडकं प्रकरण. त्या गावात आयोडीन ना मातीत, ना पाण्यात, ना मिठात, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या गळे सुजलेले.

लेखनाचा नमुना बघा. 'मंद, थंड, जड, सुजट, कोरड्या त्वचेची, विरळ केसांची, घोगऱ्या आवाजाची, सदा पेंगुळलेली, विस्मरणशील स्त्री उन्हातही घोंगडी पांघरून बसलेली असते.' एका बाईवर नऊ विशेषणं! घोंगडीपेक्षा विशेषणांनीच गुदमरली असेल बिचारी. मी तीन कापली. यांना कळणार नाही, स्वतःचं लिहिलेलं पुन्हा वाचत नाहीत.

आणि पुढे — पोटात मूल असताना आईला आयोडीन मिळालं नाही तर मुलाचा मेंदू कायमचा अर्धवट राहतो. बेडूकमाशाला थायरॉइडचा रस मिळाला नाही तर त्याचा बेडूक होत नाही, शेपूट हलवत तसाच मोठा होत राहतो. हे मात्र वाचवेना. त्या गावात अशी माणसं आहेत. मोठ्या वयाची, लहान पोरांसारखी. यांनी ती मोजली, मापली, फोटो काढले, आणि परत आले. एकाला तरी चांगल्या मिठाचं पाकीट दिलं का? विचारलं मी जेवताना.

"अगं, संशोधक हस्तक्षेप करत नसतो," म्हणाले. काट्याने मासळी उकरत.

हस्तक्षेप म्हणे! शेजारच्या घरात धूर दिसला तर हा माणूस आधी ज्वाळांची उंची मोजेल.

९ मार्च

मोत्यांची माळ लागत नाही. फासा बिघडलाय बहुतेक. जाऊ दे, कुठे मिरवायचंय.

१४ मार्च

धाकटी बहीण आली!! सकाळीच, न कळवता, तिच्या पद्धतीने. दोन वर्षांनी. बुटांचं दुकान चालवते ती, अख्खा दिवस लोकांच्या पायांशी बसायचं असूनही मान कुणापुढे झुकवत नाही.

दारातच बॅग टाकली, मला मिठी मारली, आणि एकदम मागे सरकली.

"ताई, हे काय?"

"काय काय?"

"गळा!" तिने माझा रुमाल ओढून काढला. मी ओरडले, थंडी वाजते म्हटलं. ऐकते कुठे? दंडाला धरून न्हाणीघरात नेलं, आरशापुढे उभं केलं, कॉलर खाली दाबली. हातात पाण्याचा पेला. "मान वर. गिळ. बघ आता."

बघितलं. गळ्याच्या खालच्या बाजूला, मधोमध, अंड्याएवढी सूज. मी घोट गिळला तशी ती वर गेली, खाली आली. जणू कुणी आत राहायला आलंय.

मी रोज आरशात बघते की. पण भांग पाडायचा, तोंड धुवायचं, झालं. गळा रुमालात, रुमाल कॉलरीत. साठीला आलेली बाई स्वतःचा गळा बघत बसते थोडीच?

"आणि तोंड किती सुजलंय तुझं! आवाज बघ, पुरुषासारखा!" धाकटीचा पट्टा सुरू झाला होता. तेवढ्यात महर्षी खोलीतून बाहेर आले, गडबड कसली म्हणून.

"भावोजी, तुम्हाला हे दिसलं नाही?"

"काय?"

"हे! हे! तुमच्या बायकोचा गळा!"

महर्षींनी पुढे होऊन बघितलं. चष्मा काढला, पुसला, लावला. "हं," म्हणाले. "कॉलर असते ना तिची कायम."

कॉलर असते! चौतीस वर्षं समोरासमोर बसून जेवतोय आम्ही!

१५ मार्च

झोप नाही नीट. पहाटेच उठून प्रकरण सातवं काढलं.

मंद. थंड. जड. सुजट. कोरडी त्वचा — तळव्यांना भेगा पडल्यात माझ्या. विरळ केस. घोगरा आवाज. पेंगुळलेली. विस्मरणशील. उन्हात घोंगडी पांघरून बसलेली ती बाई मी आहे! दोन स्वेटर घालून मी माझंच वर्णन टाइप केलं, आणि त्यातली तीन विशेषणं माझ्याच हाताने कापली.

आणि ते मीठ. देवा! त्या गावाचं मीठ. जे खाऊन त्यांचे गळे सुजले तेच मी रोज कुटून सुपात घालतेय.

हसावं का रडावं? आयोडीनचा महामहोपाध्याय! पृथ्वीवरच्या प्रत्येक डोंगरातला प्रत्येक गळा याला पाठ आहे. टेबलापलीकडचा तेवढा दिसत नाही. डोळे आहेत की बटणं?

तरी एक सांगते. भीती जरा कमी झालीय. हे आईचं नसेलही. मिठाचं असेल. मीठ बदलता येतं.

१७ मार्च

डॉक्टरकडे. धाकटी पुढे, मी मागे. तरुण मुलगी आहे डॉक्टर, माझ्या कुठल्यातरी विद्यार्थिनीच्या वयाची. हात गार, पण माझ्यापेक्षा कमीच. मागे उभी राहून दोन्ही हातांनी गळा चाचपला, पाणी गिळायला लावलं, गुडघ्यावर हातोडी मारली. पाय उडाला, पण असा सावकाश, की धाकटी म्हणाली, "विचार करून उडाला वाटतं."

मग प्रश्न. मासे? नाही. दूध, दही? पचत नाही. अंडी? आवडत नाहीत. मीठ कोणतं?

"खाणीतलं. खडे."

तिने पेन खाली ठेवलं. "किती दिवस?"

"तीन वर्षं."

"आजी, अहो, त्यात आयोडीन जवळपास नसतंच. घरात कुणी काही सांगितलं नाही?"

झालं! धाकटीला हसू फुटलं ते थांबेचना. डोळ्यांतून पाणी. "हिचा नवरा," ती म्हणते, "हिचा नवरा आयोडीनवर पुस्तक लिहितोय हो!" डॉक्टर बिचारी आमच्या दोघींकडे आळीपाळीने बघायला लागली. तिला वाटलं, चेष्टा चाललीय. मी म्हटलं, खरं आहे. सातवं प्रकरण मागवा, त्यात मी आहे.

रक्त घेतलं. (आणि मला 'आजी' म्हणाली. तेही आज चालवून घेतलं.)

१९ मार्च

थायरॉइड पार मंदावलंय. आकडे वाईट आहेत. रोज सकाळी रिकाम्या पोटी गोळी, आणि साधं, पाकिटातलं, आयोडीन घातलेलं मीठ.

मी शेवटी विचारलंच. आईचं सगळं सांगितलं. डॉक्टर म्हणाली, "तुमच्या आईचं मला माहीत नाही. पण तुमचं जे चाललंय त्याला हे कारण पुरेसं आहे. डोकं गेलेलं नाही तुमचं. मंदावलंय. परत येईल, वेळ द्या."

त्या पोरीसमोर मी हुंदके देऊन रडले. तीस वर्षं वर्गात मुलींना 'रडायचं नाही, गणित सोडवायचं' म्हणणारी मी! रडले आणि मला लाज वाटली नाही.

२० मार्च

धाकटीने गोणी फरफटत मागच्या अंगणात नेली आणि गटाराच्या तोंडाशी उपडी केली. खडे टणटण वाजत गेले. मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

आवाजाने महर्षी धावत आले. पायात एकच चप्पल! मी आजारी पडले तेव्हा हा माणूस चालतही आला नव्हता.

"ते मीठ का टाकलं? मला विचारायचं होतं!"

"विचारायचं काय त्यात?" धाकटी कमरेवर हात ठेवून. "विष टाकायला परवानगी लागते?"

"विष नाही ते. मीठ आहे." मग माझ्याकडे वळून, जरा खालच्या आवाजात, "गोळी पण सुरू केलीस? आजच? निदान उन्हाळा संपेपर्यंत थांबायचं होतंस."

"का? उन्हाळ्यात काय आहे?"

"काही नाही. घाई नको, एवढंच. शरीराला झटका बसतो."

धाकटीने जे सुनावलं ते इथे लिहीत नाही, वही भिजेल. भावोजी, तुम्ही शिकलेले आहात की शिकवलेले आहात, असं काहीतरी सुरुवातीला होतं. महर्षी एकाएकी नरमले. "बरं बरं. तब्येत महत्त्वाची," म्हणाले, आणि आत जाऊन दार लावून घेतलं. खेळणं मोडलेल्या पोरासारखं तोंड. पूर्वजांचं मीठ गेलं ना! आता शिष्येला काय सांगायचं जेवताना?

२७ मार्च

धाकटी गेली. जाताना म्हणाली, "गोळी चुकवलीस तर येऊन कानाखाली देईन." धाकटी म्हणून जन्माला आली हीच चूक झाली.

६ एप्रिल

एक स्वेटर काढला.

२३ एप्रिल

जिना चढताना सत्त्याण्णव गुणिले तेरा आपोआप सुटलं. कुणी विचारलं नव्हतं. बाराशे एकसष्ट! शंभर तेरं तेराशे, वजा एकोणचाळीस. पायरीवरच बसले. हे माझं आहे. परत आलंय. घरात जाऊन अठरापासून तिसापर्यंतचे पाढे म्हटले, मोठ्याने. महर्षी दार उघडून म्हणाले, "काय चाललंय?" मी म्हटलं, "हस्तक्षेप."

आवाजही सुधारलाय. शेजारीण म्हणाली, "तुमचा आवाज परत ऐकू यायला लागला हो भिंतीतून." कौतुकच समजते.

२ मे

प्रकरण सातवं पुन्हा टाइप केलं, मला हवं तसं. त्या बाईची नऊच्या नऊ विशेषणं काढली. 'तिला थंडी वाजते. तिला शब्द सापडत नाहीत. तिला वाटतं आपलं डोकं चाललंय.' असं लिहिलं. महर्षींनी वाचलं आणि चक्क म्हणाले, "चांगलं झालंय." मी खुर्चीवरून पडायची बाकी होते. विचारलं नाही, हे तुला कसं माहीत. तेवढी अक्कल असती तर शिंपले खायची वेळ आली नसती.

राग कमी झालाय. नाही म्हणजे, कीव आहे. आंधळ्याला, तुला दिसत कसं नाही, म्हणून किती दिवस झोडपायचं? वाईट माणूस नाही. मठ्ठ आहे. लाखो वर्षांपूर्वीच्या माकडिणीच्या बाळंतपणाची चिंता करतो, आणि घरातली बाई दोन स्वेटर घालून हिंडते ते दिसत नाही. असे असतात काही. एका वर्गात चाळीस मुली सांभाळल्या मी, एक नवरा काय जड आहे?

आणि एक गंमत. मला आयोडीनमध्ये रस वाटायला लागलाय! गळ्यातली ती कोठी. समुद्र सोडताना जिवाने बरोबर घेतलेली शिदोरी. एवढीशी चिमूट संपली की विचार थांबतात, आणि मिळाली की सत्त्याण्णव तेरं सुटतं. हे खरंच भन्नाट आहे. महर्षींनी ते नऊ वर्षं इतकं रटाळ करून दाखवलं, ही काही साधी करामत नाही.

९ मे

महर्षींचं मोठं व्याख्यान आहे सोमवारी. मोठं सभागृह, बाहेरगावचे पाहुणे. पुस्तकाची नांदी म्हणे. मी म्हटलं, मी येते.

"तू कशाला? दमशील."

"दमत नाही मी आता."

"कंटाळवाणं असतं गं. तुला सगळं पाठ आहे."

पाठ आहे म्हणूनच येणार. चौतीस वर्षांत एकदाही ऐकायला गेले नाही, याचं आता मलाच वाईट वाटतंय. मठ्ठ असला तरी माझाच आहे. कुणीतरी आपलं माणूस पहिल्या रांगेत असावं. बघू तरी, तिथे किती फुगतात.

१२ मे

आज संध्याकाळी व्याख्यान. महर्षी सकाळपासून 'येऊ नकोस' याचे नवनवीन प्रकार शोधतायत. पाऊस पडेल. खुर्च्या कडक आहेत. शेवटी म्हणाले, मागे बस, पुढे पंखा लागतो. घाबरलेत बिचारे! बायकोपुढे बोलायचं म्हणजे तळटीप नाही, आडोसा नाही.

निळा पोशाख काढलाय, उघड्या गळ्याचा. सूज पुष्कळ उतरलीय. मोत्यांची माळ लागली. फासा ठीकच होता.

१३ मे

काल पडद्यावर तीन फोटो दाखवले. तीन गळे, शेजारी शेजारी. चेहरा ओठांखाली कापलेला. 'एकच स्त्री, एकच मीठ. पहिलं वर्ष, दुसरं वर्ष, तिसरं वर्ष. उपचार नाही.' सभागृह हळहळलं. मी पहिल्या रांगेत.

सोफा आमचा. दुपारची झोप माझी.

तिसरा गळा सुजलेला. दुसरा थोडासा. म्हणजे दिसत होतं याला! मीच बसले होते त्याला आंधळा म्हणत.

पहिला गळा अगदी साफ आहे. काहीही झालेलं नाही त्याला. उशाशी माझ्या शाळेच्या निरोपसमारंभाची फुलं दिसतायत, ताजी, टवटवीत.

गोणी त्याच्या पुढच्या आठवड्यात घरात आली.